रामायण दोघांचंही, मग तोफा कशासाठी?

थायलंड आणि कंबोडियाच्या सीमेवर, डांगरेक डोंगररांगेत, ता मुएन थोम नावाचं जुनं शिवमंदिर आहे. ख्मेर, म्हणजे जुन्या कंबोडियाच्या, राजांच्या काळातलं. गाभाऱ्यातलं लिंग कुणी घडवून बसवलेलं नाही. जागच्या कातळातूनच ते वर आलंय आणि देऊळ त्याच्याभोवती बांधलंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंबोडियाहून काही लोक सैनिकांसोबत या देवळात आले आणि तिथे उभं राहून त्यांनी आपलं राष्ट्रगीत म्हटलं. थाई सैनिकांनी हरकत घेतली, बाचाबाची झाली. मेअखेर सीमेवर दुसरीकडे चकमक होऊन एक कंबोडियन सैनिक मारला गेला. २४ जुलैला याच देवळाच्या परिसरात गोळीबार सुरू झाला आणि मग पाच दिवस रॉकेटं, तोफा, थायलंडची एफ-१६ विमानं. दोन्ही बाजूंची मिळून लाखो माणसं घरदार सोडून पळाली. मलेशियाने मध्ये पडून शस्त्रसंधी घडवली, पण डिसेंबरात पुन्हा भडका उडाला आणि महिनाअखेर पुन्हा शस्त्रसंधी करावी लागली.

आता या दोन देशांत काय काय सारखं आहे ते बघा. दोघांचा धर्म एकच, थेरवाद बौद्ध. थाई लिपी जुन्या ख्मेर लिपीतूनच निघालेली. नववर्ष दोघांचंही एप्रिलच्या मध्यावर, जवळपास त्याच दिवसांत. आणि दोघांच्या राजवाड्यांत, देवळांच्या भिंतींवर, नाचात, मुखवट्यांत, कठपुतळ्यांच्या सावल्यांत एकच कथा: रामायण. थायलंडमध्ये तिला रामकियेन म्हणतात, कंबोडियात रियामकेर.

एखाद्या समाजात प्रत्येकाला माहीत असायलाच हव्यात असं मानलेल्या कथा, काव्यं आणि कला यांचा जो साठा असतो, तो त्या समाजाचा सांस्कृतिक ठेवा. शाळेत शिकवला जातो, सणाला सादर होतो, बोलता बोलता त्यातले दाखले दिले जातात. असा ठेवा दोन-चार देशांत सामायिक असला तर ते देश एकत्र येतात का? भाषणांत या प्रश्नाचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. ते खरं आहे का हे तपासायला थायलंड-कंबोडियासारखं दुसरं उदाहरण मला दिसत नाही, आणि आपण रामायण जाणणारी माणसं असल्यामुळे ते आपल्याला आतून समजूही शकतं.

कंबोडियात रामायण फार लवकर पोचलं. तिथल्या व्हील कांतेल इथे सापडलेल्या सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराच्या शिलालेखात सोमशर्मा नावाच्या ब्राह्मणाने देवळाला रामायण, पुराण आणि संपूर्ण भारत यांच्या पोथ्या दान दिल्याचं आणि त्यांच्या रोजच्या वाचनाची व्यवस्था लावल्याचं कोरलेलं आहे. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या सहा-सातशे वर्षं आधी मेकाँगच्या काठावर रोज पोथी लागत होती. पुढे बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने अंगकोर वाट बांधलं, तेव्हा पश्चिमेच्या ओवरीत लंकेच्या युद्धाचा सुमारे पन्नास मीटर लांबीचा शिल्पपट कोरला गेला. वानर राक्षसांचे लचके तोडतायत, हनुमानाच्या खांद्यावर उभा राहून राम बाण सोडतोय, समोर वीस हातांचा रावण. हे सगळं कुठल्या स्वारीमुळे घडलं नाही. मोसमी वाऱ्यांवर व्यापारी येत-जात होते, स्थानिक राजांना राज्याभिषेकाला आणि दरबाराला ब्राह्मण हवे होते, आणि कथा चांगली होती.

थायलंडने तर राजधानीचंच नाव अयुथ्या ठेवलं, आपली अयोध्या. १७६७ मध्ये बर्मी फौजांनी ती बेचिराख केली, तेव्हा राजवाड्यातल्या रामकथेच्या बहुतेक पोथ्याही गेल्या. १७८२ मध्ये गादीवर आलेल्या चक्री घराण्याच्या पहिल्या राजाने रामकियेन नव्याने रचवून घेतलं. आज त्या घराण्याच्या राजांना पहिला राम, दुसरा राम अशा क्रमाने ओळखतात. सध्याचे महाराज दहावे राम. बँकॉकच्या राजवाड्यातल्या पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवती लांबलचक ओवरी आहे, तिच्या भिंतींवर १७८ चित्रांत सगळं रामकियेन रंगवलेलं आहे.

ही कथा वाल्मीकींचीच आहे का? सांगाडा तोच, पण मांस-रक्त तिथलं. सेतू बांधण्याचा प्रसंग घ्या. वानर दिवसभर समुद्रात दगड टाकतात आणि दगड गायब होतात. हनुमान पाण्यात बुडी मारून बघतो तर मासोळ्यांची फौज दगड पळवून नेतेय, आणि त्यांची पुढारी आहे रावणाचीच मुलगी, सुवर्णमच्छा, कमरेखाली मासा असलेली. तो तिला पकडायला जातो आणि तिच्या प्रेमात पडतो. तिथला हनुमान ब्रह्मचारी नाहीच. त्यांना मुलगा होतो, मच्छानु: माकडाचं शरीर आणि माशाची शेपटी. पुढे मैयराप नावाचा राक्षस रामाला पाताळात पळवून नेतो, हनुमान सोडवायला जातो, तर दारावर पहारा देणारा तरुण वीर त्याला आवरत नाही. तो मच्छानु, त्याचाच मुलगा.

मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. आपल्याकडे अहिरावण-महिरावण आणि मकरध्वज आहेतच. मारुतीचं ब्रह्मचर्य सांभाळायचं म्हणून आपण त्याच्या घामाचा थेंब मासोळीच्या पोटात घातला, एवढाच फरक. वाल्मीकी रामायणात यातलं काहीच नाही. म्हणजे ही जी कथा आपल्या गावातल्या पारावर आणि बँकॉकच्या राजवाड्यात दोन्हीकडे सांगितली जाते, ती मूळ संस्कृत ग्रंथातून उतरलेली नाही. सांगणाऱ्या माणसांच्या तोंडून फिरत फिरत गेलेली आहे. ठेवा सामायिक होतो तो असा, जो तो त्यात आपली भर घालतो म्हणून. सगळ्यांनी एकच संहिता जशीच्या तशी पाठ करायची ठरवली असती तर रामायण तिथे दोन पिढ्याही टिकलं नसतं असं मला वाटतं.

या देवाणघेवाणीत प्रेम कमी आणि लढाया जास्त होत्या, हेही सांगायला हवं. १७६७ मध्ये बर्मी सैन्याने अयुथ्या लुटली तेव्हा दरबारातले नट-नर्तकही कैद करून नेले, आणि बर्मी राजदरबारात रामकथेचं नाट्य फुललं ते या कैद्यांनी शिकवल्यावर. ख्मेर राजांची राजधानी अंगकोर, तिथून थाई राजांनी नेलेल्या काशाच्या मूर्ती पुढे बर्मी राजाने लुटल्या, त्याच्याकडून अराकानकडे गेल्या, आणि आज त्यांतल्या उरलेल्या मंडाले इथल्या महामुनी देवळाच्या आवारात आहेत. दुखणारा अवयव बरा व्हावा म्हणून लोक मूर्तीचा तोच भाग चोळतात, त्यामुळे तिथलं कासं गुळगुळीत झालंय.

थाई आणि ख्मेर दरबारांचं नातं याहून गुंतागुंतीचं. अंगकोरचं वैभव ओसरल्यावर तिथली राजनीती, दरबारी भाषा, नाच यांतलं पुष्कळ अयुथ्येने उचललं. एकोणिसाव्या शतकात प्रवाह उलटा फिरला. कंबोडियाचा राजा आंग दुओंग तरुणपणाची बरीच वर्षं बँकॉकच्या दरबारात ओलीस म्हणून राहिला. १८४८ मध्ये गादीवर आल्यावर त्याने आपल्या दरबारातलं नृत्य नव्याने उभं केलं, तेव्हा बँकॉकमध्ये पाहिलेलं, शिकलेलं त्याच्यासोबत होतं. मग आजचा ख्मेर नाच थाई आहे की आजचा थाई नाच ख्मेर? मला तरी वाटतं, या प्रश्नाला उत्तर नाही आणि त्या काळी तो कुणी विचारतही नव्हतं. राजा दुसऱ्या राजाचे नर्तक पळवायचा ते नाच त्याला आवडायचा म्हणून. तो आपल्याच राष्ट्राचा आहे असं सिद्ध करायची त्याला गरज नव्हती.

ही गरज नकाशांसोबत आली. १८६३ मध्ये कंबोडिया फ्रेंचांच्या संरक्षणाखाली गेला. त्याच सुमारास थायलंडच्या राजा मोंगकुटने अंगकोर परिसरातलं एक देऊळ उचकटून बँकॉकला आणायचा हुकूम सोडला होता. तिथल्या लोकांनी हल्ला करून त्याच्या माणसांना मारलं, बेत फसला, आणि त्याऐवजी अंगकोर वाटची एक दगडी प्रतिकृती बँकॉकच्या राजवाड्यात उभी राहिली. ती आजही तिथे आहे, रामकियेनच्या त्या भित्तिचित्रांच्याच आवारात. पुढे १९०४ च्या तहात सीमा पाणलोटाच्या रेषेने जाईल असं ठरलं, पण फ्रेंच मोजणी अधिकाऱ्यांनी काढलेल्या नकाशात प्रेह विहेअर हे कड्यावरचं भव्य शिवमंदिर कंबोडियात दाखवलं गेलं. थाई सरकारने बरीच वर्षं त्यावर आक्षेप घेतला नाही. १९३० मध्ये थाई इतिहासलेखनाचे जनक मानले जाणारे राजपुत्र दामरोंग त्या देवळाला गेले, तेव्हा फ्रेंच अधिकाऱ्याने फ्रेंच झेंड्याखाली त्यांचं स्वागत केलं, तरीही निषेध झाला नाही. १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने नऊ विरुद्ध तीन मतांनी देऊळ कंबोडियाला दिलं, त्यात हे सगळं मोजलं गेलं.

लक्षात घ्या, न्यायालयापुढे देव कुणाचा, कथा कुणाची, बांधणारे कोण हे मुद्दे निर्णायक नव्हते. नकाशा आणि गप्प बसणं, एवढ्यावर निकाल लागला. पण लोकांच्या मनात तो निकाल संस्कृतीच्या मालकीचा म्हणून बसला. २००३ च्या जानेवारीत एका थाई अभिनेत्रीने अंगकोर वाट थायलंडचं असल्याचं म्हटल्याची अफवा कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हमध्ये पसरली. तिने असं काही बोलल्याचं साफ नाकारलं. तोवर जमावाने थाई वकिलात जाळली होती. २००८ मध्ये प्रेह विहेअर जागतिक वारसा यादीत गेलं, तर लगेच सीमेवर सैन्य उभं राहिलं आणि २०११ पर्यंत अधूनमधून माणसं मरत राहिली.

मुखवट्यांच्या नाचावरून जे झालं ते मला सगळ्यात बोलकं वाटतं. थायलंडमध्ये त्याला खोन म्हणतात, कंबोडियात लखोन खोल. दोन्हीत राक्षस आणि वानर रंगीत मुखवटे घालतात, बाजूला बसलेले निवेदक कथा गातात-सांगतात, नाचणारे बोलत नाहीत. कंबोडियातली एक मंडळी नॉम पेन्हजवळ मेकाँगकाठच्या स्वाय आंदेत मठाच्या आसऱ्याने टिकली आहे. तिथले नाचणारे गावकरीच. भाताच्या शेतीच्या चक्राप्रमाणे नववर्षानंतर ते नाचतात, राखणदार देवतांनी प्रसन्न व्हावं, पाऊसपाणी नीट व्हावं, गाव सुखी राहावं म्हणून. थायलंडचा खोन मात्र राजदरबाराच्या आश्रयाने वाढलेला, झगमगीत पोशाखांचा. थायलंड आपल्या खोनची नोंद युनेस्कोकडे करणार म्हटल्यावर दोन्ही देशांतल्या लोकांत समाजमाध्यमांवर जुंपली: मूळ कुणाचं, चोरलं कुणी. शेवटी २०१८ मध्ये मॉरिशसच्या पोर्ट लुईला भरलेल्या एकाच बैठकीत दोघांचीही नोंद झाली, वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या याद्यांत. कंबोडियाचा नाच तातडीने जपायला हवा अशा यादीत, थायलंडचा प्रातिनिधिक यादीत.

युनेस्कोची ही नोंद मालकी हक्क देत नाही. दुसऱ्याने तो नाच करू नये असंही ती म्हणत नाही. पण अर्ज सरकारं करतात, देशाच्या नावाने, आणि बातमी येते ती ‘आपल्या कलेला मान्यता’ अशी. एखाद्या वाहत्या विहिरीवर दोन भावांनी आपापल्या सातबाऱ्यावर नोंद करून घ्यावी तसं होतं. पाणी आधीही दोघं भरत होते. नोंदीनंतर भांडण सुरू होतं.

मग ठेवा माणसांना जोडतच नाही का? जोडतो, आणि किती ते कंबोडियानेच दाखवून दिलंय. १९७५ ते १९७९ या काळात, ख्मेर रूज या जहाल कम्युनिस्ट संघटनेच्या राजवटीत, दरबारी नर्तक, वादक, गुरू यांतले बहुतेक मारले गेले किंवा उपासमारीने गेले. लेखी फारसं काही नव्हतंच. नाच शरीरांत होता आणि शरीरंच संपली होती. वाचलेल्या थोड्या जणींनी आठवून आठवून तो पुन्हा उभा केला. नॉम पेन्हमध्ये केला, तसाच सीमेपलीकडे खाओ-इ-दांगसारख्या निर्वासित छावण्यांतही केला. तिथे तंबूंत जन्मलेल्या मुलींची बोटं मागे वाकवण्याचा सराव होई, सीता, हनुमान, सुवर्णमच्छा शिकवली जाई. या छावण्या थायलंडच्या भूमीवर होत्या, हेही विसरू नये. सगळं गमावलेल्या माणसांना आपण कोण हे सांगणारी ती एकमेव शिल्लक वस्तू होती.

आणि इथेच सगळ्या प्रश्नाची गाठ आहे. ज्या नाचामुळे कंबोडियन माणूस पुन्हा उभा राहिला, त्याच नाचावर शेजाऱ्याने हक्क सांगितला की त्याला काळजात सुरी लागते. थाई माणसाचंही तेच. त्याच्या राजांची नावं राम आहेत. एकच ठेवा देशाला आतून घट्ट बांधतो आणि तेवढ्याच जोराने शेजाऱ्यापासून वेगळा काढतो. बांधण्याची ताकद जितकी जास्त, तितकं ‘हे आमचं’ जास्त. म्हणून सामायिक ठेवा असलेल्या शेजाऱ्यांची भांडणं जास्त कडवी होतात. अनोळखी माणसाशी कुणी रामावरून भांडत नाही.

आपल्या आसपासही हे दिसतं. मे २०२० मध्ये भारत-नेपाळ यांच्यात लिपुलेख-कालापानीवरून वाद पेटला, नेपाळने नवा नकाशा काढला, आणि जुलैत तेव्हाचे पंतप्रधान ओली यांनी खरी अयोध्या नेपाळात बीरगंजच्या पश्चिमेला असल्याचं सांगितलं. श्रीलंकेने २०१९ मध्ये अवकाशात गेलेल्या आपल्या पहिल्या उपग्रहाला रावण-१ हे नाव दिलं. त्यात आपल्याला डिवचण्यासारखं काही नव्हतं. तिथे पुष्कळांना तो आपला पराक्रमी पूर्वज वाटतो. घरचं उदाहरण विठोबाचं. उत्तर कर्नाटकातून पिढ्यान्‌पिढ्या वारकरी पंढरीला येतात, कन्नड संतकवी पुरंदरदासांची नाममुद्रा पुरंदर विठ्ठल, आणि बेळगावचा वाद १९५६ पासून आहे, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात. विठोबाने वारी थांबू दिली नाही, पण सीमाही सोडवली नाही. तेवढी अपेक्षा त्याच्याकडून करणंच चूक.

युरोपात होमर आणि व्हर्जिल सगळ्याच देशांच्या चांगल्या शाळांत घोकले जात होते, आणि त्याच शाळांतली मुलं १९१४ मध्ये एकमेकांसमोर खंदकांत उतरली. पुढे ते देश एकत्र आले त्याची सुरुवात १९५१ च्या पॅरिस कराराने झाली, सहा देशांचा कोळसा आणि पोलाद एका व्यवस्थेखाली आणून. बीथोव्हनची धून युरोपचं गीत झाली ती त्यानंतर वीस-एकवीस वर्षांनी.

आग्नेय आशियातही क्रम असाच दिसतो. इंडोनेशिया आणि मलेशिया यांच्यातला संघर्ष १९६६ मध्ये मिटला, १९६७ मध्ये बँकॉकला आसियान संघटना स्थापन झाली, आणि १९७१ मध्ये पूर्व जावातल्या पांदान इथे इंडोनेशियाने आंतरराष्ट्रीय रामायण महोत्सव भरवला. मुस्लीम बहुसंख्य देशाने रामायणासाठी शेजाऱ्यांना बोलावलं याचं मला फार अप्रूप वाटतं. जावातल्याच प्रांबनानच्या देवळापुढे १९६१ पासून होणाऱ्या रामायण नृत्यनाट्यात नाचणारे बहुतेक मुस्लीमच आहेत. तरीही तो महोत्सव शांततेनंतर आला, शांतता त्याच्यामुळे आली नाही. त्याने काय केलं? वेगवेगळ्या देशांच्या नर्तकांनी एकमेकांचा हनुमान पाहिला. राजकारणाच्या हिशेबात ही गोष्ट किरकोळ असेल, कलेच्या हिशेबात मोठी आहे.

यात आपल्या एका सवयीबद्दल बोलायला हवं. ‘आपलं रामायण तिकडे गेलं’, ‘ती आपलीच संस्कृती’ असं आपण किती सहज म्हणतो! १९२६ मध्ये कोलकात्यात ग्रेटर इंडिया सोसायटी निघाली, तेव्हा आपले मोठे इतिहासकार या देशांना प्राचीन भारतीय वसाहती म्हणत. पारतंत्र्यात मान ताठ ठेवण्यासाठी त्यांना तो आधार वाटला, हे समजू शकतं. आज मात्र बँकॉकमध्ये किंवा जोगजाकार्तात असं बोलणं म्हणजे तिथल्या हजार-दीड हजार वर्षांच्या कवींना, शिल्पकारांना नक्कलनवीस म्हणणं आहे. जावातल्या कवीने नवव्या-दहाव्या शतकाच्या सुमारास जुन्या जावानीत रामायण रचलं, तेव्हा आपल्या एकनाथांचं भावार्थ रामायण यायला सहा-सातशे वर्षं बाकी होती. मराठीच्या आधी ज्यांनी आपल्या भाषेत राम आणला, त्यांना आपण काय दिलं म्हणून सांगणार?

थायलंड-कंबोडियासाठी करता येण्याजोगं एक काम मात्र आहे. युनेस्कोच्या नियमांत अनेक देशांनी मिळून एकच नोंद करायची सोय आहे. नौरोझ या नववर्षाच्या सणाची नोंद २००९ मध्ये सात देशांनी एकत्र केली, त्यात इराण, पाकिस्तान आणि भारतही होते. २०१६ मध्ये ते बारा झाले. २०२४ मध्ये कबाया या पोशाखाची नोंद इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर, ब्रुनेई आणि थायलंडने मिळून केली. म्हणजे थायलंडला ही वाट माहीत आहे. एकत्र नोंद केल्याने युद्ध टळत नाही. जानेवारी २०२४ मध्ये इराण आणि पाकिस्तानने एकमेकांच्या हद्दीत क्षेपणास्त्रं टाकलीच. पण निदान नाचावरून भांडायचं एक निमित्त कमी होतं, आणि स्वाय आंदेतच्या गावकऱ्यांना बँकॉकच्या मुखवटाकारांसोबत बसायला एक सरकारी कारण मिळतं. सीमेचं काम त्याआधीचं आणि वेगळं आहे. त्यासाठी २००० च्या करारान्वये दोन्ही देशांचा संयुक्त सीमा आयोग आहे, खांब शोधायचे आहेत, मोजणी करायची आहे, आणि ता मुएन थोमच्या पायऱ्यांवर कुणी किती वाजेपर्यंत थांबायचं हेही लिहून ठरवायचं आहे.